मालगुजाराचा वाडा

नागपुराहून पूर्वेस जाणाऱ्या हमरस्त्याने निघाले की भंडारा शहराच्या थोडे अलीकडे शहापूर लागते. धानाच्या बांध्या, तलाव आणि कवेलूची घरे यांचा हा मुलूख. येथल्या पुष्कळ गावांत एखादे थोरले घर असते, किंवा निदान त्याचे जोते तरी. लोक त्याला मालगुजाराचा वाडा म्हणतात.

पुण्याच्या वाड्यांवर आपल्याकडे बरीच शाई खर्ची पडली आहे. झाडीतल्या या वाड्यांच्या वाट्याला त्यातले चार थेंबही आले नाहीत. वास्तविक घडण एकाच कुळीची. येथे भार वाहतात ते खांब, भिंती नव्हेत. जोत्यावर दगडी तळखडे, त्यांवर सागाचे खांब. त्यामुळे जमिनीची ओल आणि वाळवी लाकडापर्यंत सहसा पोचत नाही. खांबाच्या माथ्याला कूस काढावयाची, तुळईला त्याच मापाचे भोक पाडावयाचे, आणि सांधा लाकडी खुंटीने आवळावयाचा. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. घराचा थोरपणाही खणांनीच मोजावयाचा. मातीत तणीस कालवून रचलेली भिंत केवळ ऊन, वारा आणि चोर अडविण्यापुरती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मराठवाड्यातील जाड दगडी भिंतींनी हजारो माणसे गाडली. पण त्याच घरांतले खणांचे लाकडी सांगाडे अनेक ठिकाणी उभेच राहिले होते. सुताराच्या कामाची याहून कठोर परीक्षा कोणती असणार?

आता हे वैभव आले कोठून, तेही पाहिले पाहिजे. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, आणि त्यानंतरच्या जमाबंदीत जे कालपर्यंत गावचा वसूल गोळा करणारे पाटील होते, ते गावाचे मालक ठरले. गावाबरोबर गावचे जंगलही त्यांचे. साग घरचा, आणि तो वाहून आणणारे हातही बहुधा वेठीचे. कोरीव हस्त पाहून आपण माना डोलावतो, तेव्हा त्या हातांचीही आठवण ठेवावी.

३१ मार्च १९५१ रोजी ही मालकी सरकारजमा झाली. शेतसारा गेला, जंगल गेले, तलाव गेले. तलावांना निदान ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव आणि सरकारदरबारी नोंद मिळाली. लोक त्यांना लाडाने मामा तलाव म्हणतात. राहता वाडा मात्र मालकाकडेच राहिला, आणि तेच त्याला बाधले. दरसाल मृगापूर्वी कवेलू फेरावे लागतात. एक वर्ष चुकले की पाणी वाशांवर उतरते, तेथून तुळईवर. फुकटचे मजूर नाहीत, घरचे लाकूड नाही, आणि वाटेकरी मात्र वाढलेले.

मग एके दिवशी जुन्या लाकडाचा व्यापारी दारी येतो. खिळ्यांवाचून जोडलेले घर खुंट्या ठोकून काढल्या की जसे चढले तसेच उतरते. शंभर वर्षांचा मुरलेला साग. त्याला शहरात भाव चांगला मिळतो. खांब, तुळया, नक्षीची चौकट असे सारे एका ट्रकात मावते. मागे उरतात त्या मातीच्या भिंती. त्यांना गिऱ्हाईक नसते; दोन-तीन पावसाळ्यांत त्या जोत्यावरच विरघळून जातात.