संततिनियमन : एका विचाराची वाटचाल

श्रोतेहो, घरातली थोरली माणसे ज्या विषयावर आवाज खाली आणतात, त्याच विषयावर आज मी बोलणार आहे. मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत, आणि नको असलेल्या गर्भाचे काय करावे, हे प्रश्न चुलीइतकेच जुने आहेत. पण त्यांचे उत्तर कोणी द्यायचे? बाईने, नवऱ्याने, समाजाने की सरकारने? आपल्या महाराष्ट्रात या भांडणाला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि तो शाळेच्या पुस्तकात क्वचितच सापडतो. म्हणून तो आज सांगतो.

सन १८६० मध्ये इंग्रज सरकारने भारतीय दंडसंहिता केली. बाईचा जीव वाचवण्याखेरीज इतर कारणासाठी गर्भपात करणे हा तिने गुन्हा ठरवला, आणि शिक्षा करणाऱ्याबरोबर त्या बाईलाही ठेवली. आता त्या काळची तरुण विधवा डोळ्यांपुढे आणा. उच्चवर्णीयांत तिला पुन्हा लग्न करता येत नसे. घरातल्याच एखाद्या पुरुषाने तिला फसवले, तर तिच्यापुढे विहीर, सुईण किंवा तुरुंग एवढ्याच वाटा उरत.

हे पाहून १८६३ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी ती सोय होती. तेथे जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी १८७४ साली दत्तक घेतले. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. लोकांनी नावे ठेवली, पण दार बंद झाले नाही.

तरी दुखणे मुळातून गेले नव्हते. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला आपले मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीवरच आग पाखडली. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. ताराबाईंचा सवाल सरळ होता. दोष दोघांचा असेल, तर शिक्षा एकटीला का?

फुल्यांनी झालेल्या मुलाला वाचवले. नको असलेले मूल पोटी येऊच नये, हा विचार घेऊन पुढची पायरी चढले ते रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव मुंबईत गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच साली लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना सुरू केला होता. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली असा दवाखाना काढला, तेव्हा पोलिसांनी तो थोड्याच दिवसांत बंद पाडला होता. तेव्हा रघुनाथराव जगाच्या मागे नव्हते, जगाबरोबर चालले होते.

त्याची किंमत मात्र मोजावी लागली. १९२५ साली प्राध्यापकाची नोकरी सुटली. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि पदरमोड करून मरेपर्यंत चालवले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावा लागला. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, पण विचार हरला नाही. १९३८ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आला, की सरकारने संततिनियमनाच्या सोयी लोकांना द्याव्यात. तो नामंजूर झाला. पण गरिबाच्या बाईला हे ज्ञान मिळावे, ही मागणी सरकारदरबारी नोंदली गेली.

रघुनाथरावांनी आणखी एक गोष्ट केली. मूल होऊ द्यायचे नाही असे पतिपत्नींचे ठरले, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रिया स्वतःवर करून घेतली, मालतीबाईंवर लादली नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

स्वातंत्र्यानंतर वारे बदलले. १९५२ साली मुंबईत याच विषयावर जागतिक परिषद भरली. सँगरबाई आणि आपल्या धन्वंतीबाई रामराव यांच्या पुढाकाराने तेथेच एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. भारत सरकारनेही त्याच सुमारास कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, रघुनाथराव वारले.

गर्भपाताचा कायदा मात्र अजून १८६० चाच होता. चोरून केलेल्या उपायांनी बाया मरत होत्या. १९६४ साली महाराष्ट्रातील मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि तो १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. पुष्कळ पुढारलेल्या देशांच्या आधी आपण हे पाऊल टाकले.

येथवर गोष्ट चढती आहे. पण, श्रोतेहो, इतिहास केवळ चढत जात नाही. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत नसबंदीसाठी सक्ती झाली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत पुरुषांच्या अधिक. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो' ला काय अर्थ? मूल न होऊ देण्याचा अधिकार आणि होऊ देण्याचा अधिकार हा एकच अधिकार आहे, हे त्या वेळी सरकार विसरले.

त्या भीतीचे ओझे कोणाच्या डोक्यावर आले, ते आकडे सांगतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली आढळली, आणि पुरुषांच्या नसबंदीचा वाटा होता ०.३ टक्के. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, दुखणे थोडे. तरी ऑपरेशन म्हटले की घरात बोट बाईकडेच वळते. म्हणून रघुनाथरावांची ती गोष्ट ध्यानात ठेवा म्हटले होते.

आता कायद्याबद्दल दोन शब्द, कारण अज्ञानाने फार नुकसान होते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने सांगितलेल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. काही ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अविवाहितेला याबाबतीत वेगळे काढता येणार नाही.

मग गावात 'गर्भपात म्हणजे गुन्हा' असे का म्हणतात? कारण गर्भलिंग तपासण्यावर बंदी आहे. महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली हा कायदा केला. ती बंदी योग्यच आहे. पण मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे वेगळे, आणि कायद्यात बसणारा गर्भपात वेगळा. या दोहोंची गल्लत झाली की घाबरलेली बाई सरकारी दवाखाना टाळून भोंदूकडे जाते आणि जीव गमावते.

शिक्षक बंधुभगिनींनो, फुल्यांच्या घराचे दार उघडे होते, पण ते आहे हे कळल्याशिवाय कोणी तेथे पोचणार नव्हते. आज कायद्याचे दार उघडे आहे. ते कुठे आहे, हे सांगणारा माणूस गावात हवा. पालकसभेत, महिला मंडळात, पारावर, जिथे जमेल तिथे, ही माहिती आवाज खाली न आणता सांगा. एवढे झाले तरी आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.