भिंतीचे कान आणि न्यायासन

भिंतींनाही कान असतात, ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं सावधगिरीचा उपदेश म्हणून प्रचारांत आणिली. ती एके दिवशीं न्यायालयांतील वादाचा विषय होईल, असें त्यांच्या स्वप्नींही आलें नसेल. सरकारचा शिपाई उंबरठा ओलांडून आंत येऊं लागला, तर त्याच्याजवळ परवाना मागण्याचा अधिकार सुधारलेल्या राष्ट्रांतील नागरिकास केव्हांच मिळाला होता. परंतु शिपाई रस्त्यावरच उभा राहिला आणि घरांतील शब्दच तारेवरून त्याच्या कानापर्यंत चालत आला, तर काय करावें? या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर देण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयास ३९ वर्षें लागलीं. हा इतिहास परक्या देशाचा असला, तरी त्यांतील प्रश्न आपल्याही दाराशीं येऊन ठेपला आहे. म्हणून तो वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदीचा अंमल होता. सिअ‍ॅटल शहरांतील रॉय ओल्मस्टेड हा एके काळीं पोलिस अधिकारी; पुढें तोच चोरट्या दारूच्या मोठ्या व्यापाराचा सूत्रधार बनला. सरकारी अधिकाऱ्यांनीं त्याच्या कचेरीच्या इमारतीच्या तळघरांत आणि घरांजवळील रस्त्यांत टेलिफोनच्या तारांस आपल्या तारा जोडल्या व सुमारें पांच महिने संभाषणें टिपून घेतलीं. त्या टिपणांचीं टंकलिखित पृष्ठें ७७५ भरलीं. यासाठीं न्यायाधीशाचा परवाना घेतलेला नव्हता. इतकेंच नव्हे, तर वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानें असें चोरून ऐकणें हा गुन्हा होता. एक कायदा राखण्यासाठीं रक्षकांनींच दुसरा कायदा मोडला होता.

४ जून १९२८ रोजीं पांच विरुद्ध चार मतांनीं सरकार जिंकलें. मुख्य न्यायाधीश टॅफ्ट यांचा युक्तिवाद दिसावयास सरळ होता. घटनेची चौथी दुरुस्ती अन्याय्य झडतीपासून नागरिकाचें शरीर, घर, कागदपत्र व चीजवस्तु यांचें रक्षण करते. येथें कोणी घरांत शिरलें नाहीं, कांहीं उचलून नेलें नाहीं, केवळ ऐकलें. तेव्हां झडती झालीच नाहीं! याविरुद्ध न्यायमूर्ति ब्रँडाइस यांनीं दिलेलें भिन्न मत आजही वाचलें जातें. खासगीपणाच्या हक्कावर त्यांनीं एका सहकाऱ्यासह १८९० सालींच एक गाजलेला लेख लिहिला होता. शास्त्र वाढत जाईल तसा एक दिवस असा येईल कीं, कपाटांतील कागद न हलवितां सरकार ते न्यायालयांत हजर करूं शकेल, असा इशारा त्यांनीं दिला. आणि सरकारच कायदा मोडूं लागलें तर प्रजा तोच धडा गिरवील, असें बजाविलें. वयोवृद्ध न्यायमूर्ति होम्स यांनीं तर हा सारा व्यवहार घाणेरडा ठरविला.

पुढील काळांत न्यायालयाची वाट अडखळतच गेली. १९३४ च्या दळणवळण कायद्याचा आधार घेऊन १९३७ मध्यें त्यानें चोरून ऐकलेला पुरावा संघराज्याच्या न्यायालयांतून वर्ज्य केला. परंतु १९४२ मध्यें शेजारच्या खोलींतून भिंतीस यंत्र लावून ऐकणें निर्दोष ठरलें, कारण भिंत भेदली गेली नव्हती; आणि १९६१ मध्यें सामायिक भिंतींत सुईसारखें यंत्र खुपसून ऐकणें सदोष ठरलें, कारण सुई आंत गेली होती. ऐकणारे कान तेच, ऐकलेल्या गोष्टीही तशाच. नागरिकाचें स्वातंत्र्य मात्र सुईच्या लांबीवर मोजलें जात होतें!

ही विसंगति १९६७ मध्यें संपली. लॉस एंजेलिस येथें कॅट्झ नांवाचा जुगारी सार्वजनिक टेलिफोनच्या कोठडींतून पैजांच्या वार्ता कळवीत असे. संघराज्याच्या तपास-अधिकाऱ्यांनीं कोठडीच्या बाहेरून श्रवणयंत्र बसविलें. घटना स्थळांचें नव्हे, माणसांचें रक्षण करते, असें सांगून न्यायालयानें सात विरुद्ध एक मतानें न्यायाधीशाच्या पूर्वसंमतीवांचून केलेलें तें श्रवण अवैध ठरविलें. १९६८ च्या कायद्यानें न्यायाधीशाची आज्ञा, ३० दिवसांची मुदत व इतर उपाय निष्फळ ठरल्याचा दाखला या अटी घातल्या. २०१८ मध्यें एका आरोपीच्या १२७ दिवसांच्या फिरतीच्या १२,८९८ नोंदी मोबाइल कंपन्यांकडून परवान्यावांचून मिळविल्याचें उघड झालें, तेव्हांही न्यायालयानें हेंच सूत्र पुढें नेलें.

आपल्याकडेही इतिहासानें तोच उंबरठा गांठला. १९६२ मध्यें खरकसिंग खटल्यांत रात्रीं घरीं जाऊन दार ठोठावणें रद्द झालें, पण बाहेरील पाळत बहुमतानें वैध ठरली. न्यायमूर्ति सुब्बाराव यांचें भिन्न मत खरें ठरण्यास २०१७ साल उजाडावें लागलें. लांचेच्या आरोपांत सांपडलेल्या मुंबईच्या एका कॉरोनरच्या खटल्यांत १९७२ मध्यें अवैध मार्गानें मिळालेला पुरावाही ग्राह्य ठरूं शकतो, असें सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें. उलट २०१९ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें दुसऱ्या एका लांचेच्या प्रकरणांत टेलिफोन ऐकण्याचे हुकूमच रद्द करून ध्वनिमुद्रणें नष्ट करण्यास सांगितलें. १९९६ च्या निकालानें मुदत व पुनर्विलोकन समिति यांचा बांध घातला. परंतु आज्ञा देणारा आजही गृहसचिव आहे, न्यायाधीश नव्हे.

सज्जनास भीति कशाची, असें पुष्कळ सद्गृहस्थ विचारतात. त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, या साऱ्या कथेंतील नायक दारूविक्ये, जुगारी व संशयित आहेत. सज्जनाच्या घराची कडी किती मजबूत, हें नेहमीं दुर्जनाच्या खटल्यांतच ठरत आलें आहे. गुन्हेगार पकडण्यासाठीं सरकारास कान हवेतच, हें आम्हांस मान्य आहे. पण ते कोणाविरुद्ध, किती दिवस आणि कोणत्या कारणानें लावावयाचे, हें तपास करणारानें ठरवूं नये. त्यासाठीं त्याच्या हाताखालीं नसलेला न्यायाधीश असावा. कान लावणाराच परवाना देऊं लागला, तर तो परवाना कागदापुरताच उरतो.