इंग्रजांचे अकरा दिवस

इंग्रजी शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जी प्रारंभीची वाचनमाला पडते, तिच्यात व्याकरणाच्या जोडीने इंग्रजीभाषक देशांच्या चालीरीतींची तोंडओळख करून देणारे एखादे प्रकरण बहुधा असतेच. आणि नववर्ष १ जानेवारीला, वॉशिंग्टनचा जन्मदिवस २२ फेब्रुवारीला, ब्रिटिश सरकारचे करवर्ष ६ एप्रिलपासून, अशा तारखा विद्यार्थी त्यातून निमूटपणे पाठ करतो. या तारखा अशाच का, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. वर उल्लेखिलेल्या तिन्ही तारखा आज जेथे आहेत तेथे त्या एकाच कायद्यामुळे येऊन स्थिरावल्या, आणि ज्या कायद्याने एका राष्ट्राच्या आयुष्यातून अकरा दिवस काढून घेतले, त्याचा इतिहास इंग्रज समाजाच्या स्वभावाविषयी पुष्कळ काही सांगून जातो.

ज्युलियस सीझरने रूढ केलेल्या पंचांगात वर्ष ३६५ दिवस आणि सहा तासांचे धरले होते. प्रत्यक्षात सौरवर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान असल्यामुळे साधारणतः १२८ वर्षांत एक दिवस याप्रमाणे चूक साचत गेली, आणि सोळाव्या शतकात वसंतसंपात २१ मार्चऐवजी ११ मार्चच्या सुमारास येऊ लागला. तेराव्या ग्रेगरी पोपने १५८२ साली दहा दिवस वगळून ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर मानण्याचा हुकूम काढला, आणि यापुढे चारशेने भाग न जाणारी शतकवर्षे लीप धरू नयेत असा नियम घालून दिला. स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि इटलीतील राज्ये यांनी तो तत्काळ मानला. इंग्लंडात एलिझाबेथ राणीने जॉन डी या गणितज्ञाचा अभिप्राय मागविला, त्याने सुधारणेला अनुकूल मत दिले. परंतु रोमहून आलेली कोणतीही गोष्ट स्वीकारणे म्हणजे पोपचे वर्चस्व मान्य करणे, अशी धास्ती घेतलेल्या धर्माधिकाऱ्यांनी आडकाठी घातली आणि प्रकरण दफ्तरी दाखल झाले, ते पावणेदोनशे वर्षे तसेच राहिले.

त्या पावणेदोनशे वर्षांत जो गोंधळ माजला त्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. १६८८ साली विल्यम ऑफ ऑरेंज इंग्लंडचे सिंहासन हस्तगत करण्यासाठी हॉलंडहून निघाला तो तेथील गणनेने ११ नोव्हेंबरला, आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला तो इंग्लंडच्या गणनेने ५ नोव्हेंबरला. न्यूटनचा जन्म स्वदेशी हिशेबाने १६४२ च्या नाताळात झाला, तर युरोपच्या हिशेबाने ४ जानेवारी १६४३ रोजी. भरीस भर म्हणून इंग्लंडचे कायदेशीर वर्ष १ जानेवारीला नव्हे, तर देवदूताने मेरीला ख्रिस्तजन्माची वार्ता दिली त्या २५ मार्च या सणाच्या दिवशी सुरू होत असे. पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ चा मानतो, पण तत्कालीन इंग्रज दस्तऐवजाप्रमाणे ते साल १६४८ होते. स्कॉटलंडने १६०० सालापासूनच १ जानेवारी वर्षारंभ मानल्यामुळे एकाच राजाच्या दोन राज्यांत वर्षाचे काही महिने सालच वेगळे असे. म्हणून सावध लेखक जानेवारी ते मार्च या काळात पत्रावर दोन्ही साले लिहून मोकळे होत.

या गोंधळाचे पडसाद आपल्या कोकणपट्टीवरही उमटले होते. पोर्तुगीजांच्या गोव्यात आणि वसईत नवे पंचांग, तर सुरतेच्या वखारीत आणि पुढे मुंबई बेटावर इंग्रजांचे जुने. एकाच समुद्राच्या काठी दोन फिरंग्यांच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर. शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी या दिवशी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेव्हा कंपनीचा वकील हेन्री ऑक्सिंडन तेथे उपस्थित होता. त्याच्या लेखी तो दिवस ६ जून १६७४ होता, आणि आजही आपण तीच तारीख धरतो. पण त्याच दिवशी वसईचा पोर्तुगीज १६ जून मानीत असे, आणि आजच्या पंचांगाने मागे मोजत गेल्यास १६ जूनच येते. जंत्री शेजारी ठेवल्यावाचून सतराव्या शतकातील इंग्रजी पत्रव्यवहार वाचणे धोक्याचे, असे इतिहाससंशोधक सांगतात ते याचसाठी.

अखेर या कामाला हात घातला तो चौथ्या अर्ल ऑफ चेस्टरफिल्डने. हेग येथे वकील म्हणून राहिल्यामुळे दुहेरी तारखांचा जाच त्याला प्रत्यक्ष ठाऊक होता. ड्यूक ऑफ न्यूकॅसलसारख्या वजनदार मंत्र्याला हा नसता उपद्व्याप पसंत नव्हता. चेस्टरफिल्डने उमराव सभेत विधेयक मांडले. गणिताची बाजू अर्ल ऑफ मॅकल्सफिल्ड या जाणकार उमरावाने सांभाळली आणि कोष्टके तपासून देण्यास राजज्योतिषी जेम्स ब्रॅडली होते. आपल्याला ज्योतिर्गणितातले फारसे कळत नसताना केवळ वाणीच्या माधुर्याने आपण सभा जिंकली, आणि ज्याला विषय खरोखर अवगत होता त्या मॅकल्सफिल्डचे भाषण मागे पडले, असे चेस्टरफिल्डने आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात मोकळेपणाने कबूल केले आहे. १७५१ साली मंजूर झालेल्या या कायद्याने १७५२ चा आरंभ १ जानेवारीला केला, त्यामुळे १७५१ हे वर्ष अवघ्या २८२ दिवसांचे झाले. आणि मधल्या काळात १७०० साली आणखी एक दिवस वाढल्यामुळे आता दहाऐवजी अकरा दिवस वगळणे प्राप्त होते. बुधवार, २ सप्टेंबर १७५२ ला निजलेला इंग्रज दुसऱ्या दिवशी उठला तो गुरुवार, १४ सप्टेंबरला. क्षयतिथी ज्यांच्या नित्य परिचयाची आहे त्या आपल्या वाचकांना यात अचंबा वाटू नये, पण ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या एकही दिवस गळालेला पाहिला नव्हता, त्याला तो वाटणे स्वाभाविक होते.

या कायद्याची खरी थोरवी मला त्याच्या गणितात दिसत नाही, ती त्याच्या व्यवहारी कलमांत दिसते. इंग्लंडचा सारा ग्रामीण कारभार २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या चार तिमाही दिवसांभोवती फिरत असे. खंड भरायचा, चाकर ठेवायचे, कूळ बदलायचे ते याच दिवशी. सप्टेंबरातले अकरा दिवस गेल्यावर २९ सप्टेंबरचा खंड शेतकऱ्याने अकरा दिवस आधी, पीक हाती येऊन विकले जाण्यापूर्वी, कोठून भरावा? कायद्याने स्पष्ट सांगितले की खंड, व्याज आणि करारांच्या मुदती पूर्वीच्याच प्रत्यक्ष दिवसाला पुऱ्या होतील, मग त्या दिवसाची तारीख काही असो. उमेदवार कारागिराची नोकरीची मुदत आणि सज्ञान होण्याचे एकविसावे वर्ष यांनाही तोच न्याय लावला. ठरीव तारखेची जत्रा आणि बाजार, इतकेच नव्हे तर गावाचे सामाईक कुरण गुरांसाठी खुले करण्याचा दिवस, हेही पूर्वीच्याच ऋतुकालावर ठेवले गेले. ईस्टरचा दिवस ठरविण्याची कोष्टके अशी रचली की उत्तर पोपच्या पंचांगाप्रमाणेच यावे, मात्र पोपचे नाव कोठेही येऊ नये. ज्यांनी हा मसुदा लिहिला त्यांना कुरणाच्या कुंपणापर्यंत विचार करण्याची बुद्धी झाली, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे.

तरीही श्रद्धेचा प्रश्न कलमांनी सुटण्यासारखा नव्हता. बकिंगहॅमशायरमधील क्वेंटन या गावी, ग्लास्टनबरीच्या पवित्र काटेरी झाडाची संतती मानले जाणारे एक झाड होते; ते नाताळच्या रात्री फुलते अशी लोकांची भावना. नव्या गणनेच्या २४ डिसेंबर १७५२ च्या रात्री कंदील घेऊन दोन हजारांहून अधिक माणसे तेथे जमली, असा वृत्तान्त तत्कालीन मासिकात आला. झाड फुलले नाही. तेव्हा हा नाताळ खरा नव्हे असे ठरवून लोकांनी तो पाळण्याचे नाकारले, आणि आसपासच्या पाद्र्यांनी जुन्या नाताळाचा दिवसही पूर्ववत पाळला जाईल असे जाहीर करून त्यांचे समाधान केले.

याच लोकांविषयी पुढे अशी कथा प्रसृत झाली की आयुष्याचे अकरा दिवस चोरीस गेले असे समजून त्यांनी दंगे केले. कित्येक पाठ्यपुस्तकांत ती आजही आढळते, परंतु दंगे झाल्याचा विश्वसनीय पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. तिचे मूळ बव्हंशी विल्यम होगार्थच्या एका चित्रात आहे. १७५४ च्या निवडणुकीत ऑक्सफर्डशायरमधून मॅकल्सफिल्डचाच मुलगा उमेदवार होता, तेव्हा विरोधी टोरी पक्षाने पंचांगाचा प्रश्न प्रचारात ओढला. होगार्थने निवडणुकीच्या मेजवानीचे व्यंगचित्र काढताना अकरा दिवस परत मागणारे एक निशाण जमिनीवर पडलेले दाखविले, आणि चित्रकाराची कल्पना पुढील पिढ्यांनी घडलेली हकीकत म्हणून स्वीकारली. रात्री थंडीत कंदील धरून उभ्या राहिलेल्या भाविकांना अज्ञ दंगेखोर ठरविणे मला अन्यायाचे वाटते. ते फक्त आपल्या देवाचा दिवस कोणता, हे जाणू पाहत होते.

जुना दिवस पुष्कळ ठिकाणी नव्या तारखेच्या वेषात टिकून राहिला. लंडनच्या लॉर्ड मेयरची मिरवणूक २९ ऑक्टोबरला निघे, ती ९ नोव्हेंबरला निघू लागली. सरकारी खजिन्याचे हिशेब २५ मार्चला पुरे होत. त्यात अकरा दिवस मिळवून ते ५ एप्रिलवर गेले, आणि म्हणूनच ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला उघडते. व्हर्जिनियात ११ फेब्रुवारी १७३१ रोजी नोंदलेला जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म नव्या वर्षारंभामुळे आणि अकरा दिवसांच्या भरीमुळे २२ फेब्रुवारी १७३२ चा झाला. अमेरिकेची ती राष्ट्रीय सुटी १९७१ पासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी दिली जाते. वेल्समधील ग्वाऊन खोऱ्यात मुले अजून १३ जानेवारीला घरोघर गाणी म्हणत जुन्या नववर्षाची भेट गोळा करतात. शेटलंडच्या द्वीपसमूहातील फूला बेटावर नाताळ ६ जानेवारीला आणि नववर्ष १३ जानेवारीला होते. १८०० साली जुन्या-नव्या गणनेत जो एक दिवस वाढला तो या दोन्ही ठिकाणी हिशेबात घेतलेला दिसतो, १९०० सालचा मात्र घेतलेला नाही, कारण काटेकोर ज्युलियन गणनेने आज नाताळ ७ जानेवारीला यावयास हवा.