उंदराने हलवलेले बिऱ्हाड

आम्ही घाटकोपरकर कसे झालो, असे कोणी विचारले तर मी सरळ सांगतो, उंदरामुळे! पणजोबांचे बिऱ्हाड मांडवीला होते. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो त्याच वस्तीत. आधी उंदीर पडत, मग माणसे. ज्याला जमले त्याने मुंबई सोडली. कोणी गावी गेले, कोणी साष्टीतल्या खेड्यांत. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी ही तेव्हा भातखाचरांची आणि ताडामाडांची गावे. पणजोबा गाडीतून उतरले आणि इथलेच झाले.

पळणे हा एक उपाय. दुसरा उपाय भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा खोलीत शिजत होता. ‘शिजत’ हा शब्द मी मुद्दामच वापरला. ओडेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला वाल्डेमार हाफकिन तेथे मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवी. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत आणि त्या थेंबांखाली जंतूंच्या पारंब्या लोंबत. आमच्या स्वयंपाकघरातले तूप असल्या कामी येईल, हे कोणत्या सुगरणीला सुचले असते? मग तो रस्सा तापवून जंतू मारायचे. झाली लस. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ताप भरला, अंग ठणकले, पण तो बरा झाला.

वाचक म्हणतील, मेलेल्या जंतूंचा उपयोग काय? उपयोग ओळखीचा. आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी परक्या जंतूची ठेवण पाहून नेमकी त्यालाच चिकटणारी प्रतिपिंडे बनवतात. पहिल्या भेटीत या तयारीला बरेच दिवस लागतात, आणि प्लेग तेवढा वेळ देत नाही. मेलेला जंतू रोग देत नाही, पण चेहरा दाखवतो. त्यातल्या काही पेशी तो चेहरा स्मरणात ठेवून मागे राहतात. पुढे खरा शत्रू आला की तयारी झटपट होते. ही आठवण मात्र सर्व लशींची सारखी टिकत नाही. देवीची पुष्कळ वर्षे टिके; हाफकिनच्या लशीची काही महिनेच. म्हणून पुन्हा टोचून घ्यावे लागे.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. राजी झालेल्या कैद्यांना लस टोचली. न टोचलेल्यांपैकी बारा आजारी पडले, सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोघेच आजारी पडले आणि दोघेही वाचले. तरी लोक बिचकत. मुंबईला टोचणे नवे नव्हते. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली देवीची पहिली लस इथेच टोचली होती. पण प्लेगच्या दिवसांत घरझडतीचे शिपाई आणि टोचणारे डॉक्टर लोकांना एकाच सरकारचे दोन हात वाटत. त्या धास्तीला मी तरी अडाणीपणा म्हणणार नाही.

धास्तीला पुढे निमित्तही मिळाले. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. ठपका हाफकिनवर आला, काम हातातून गेले. दोष त्या गावी बाटली उघडताना घडला असावा, प्रयोगशाळेत नव्हे, हे मान्य होऊन तो निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. १९१५ साली त्याने हिंदुस्थान सोडला. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचे नाव दिले, तेव्हा तो दूर युरोपात होता.