पाळण्याच्या गजांमधले अंतर

डच चित्रकार रेम्ब्रां याने १६४५ साली रंगवलेले पवित्र कुटुंबाचे एक चित्र रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. पवित्र मरीया मांडीवर ग्रंथ घेऊन वाचत बसली आहे. वाचता वाचता ती थांबते, शेजारच्या पाळण्याकडे वळते आणि बाळावरचे पांघरूण अलगद वर करून आत पाहते. वरून बालदेवदूत उतरत आहेत. मागच्या काळोखात संत योसेफ पाठ वाकवून लाकूड तासत आहेत. ते बैलांचे जू घडवीत असावेत, असे जाणकार सांगतात. गंमत अशी, की सुताराच्या या घरात बाळ निजले आहे ते बुरुडाने विणलेल्या पाळण्यात!

आम्हांला प्रथम या विसंगतीचेच हसू आले. मग लक्ष गेले ते मरीयामातेच्या हाताकडे. बाळ रडत नाही, हलत नाही; तरी ती पांघरूण उचलून पाहते. हा हात आपण आपल्या घरांतही पाहिला आहे. मध्यरात्री उठून, दिवा न लावता, नातवाच्या नाकाशी बोट धरणारी आजी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती आई काय पाहते आहे हे समजावून सांगावे लागणार नाही. पाळण्याचा इतिहास वाचू लागलो तेव्हा प्रत्येक शतकात हाच हात आमच्यापुढे येत राहिला.

शुभवर्तमानात पाळणा नाही. संत लूक सांगतो ती गव्हाण, जनावरांना चारा घालण्याची. रोममधील सांता मारिया माज्जोरे महामंदिरात सिकामोर लाकडाच्या पाच फळ्या ख्रिस्ताच्या गव्हाणीचा अवशेष म्हणून शतकानुशतके पूजनीय मानल्या गेल्या आहेत. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यातील एक लहानसा तुकडा बेथलेहेमला परत पाठवला. श्रद्धेचा हा भाग बाजूला ठेवून निव्वळ सुतारकामाकडे वळायचे, तर आपल्याला नेपल्सजवळच्या हर्क्युलेनियम नगरीत जावे लागते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा तेथील लाकूडसामान जळून राख होण्याऐवजी कोळसा होऊन टिकले. त्यात एक पाळणा सापडला. त्याच्या बुडाशी झुलण्यासाठी दोन वक्र पट्ट्या आहेत आणि तो सापडला तेव्हा आत अर्भकाची हाडे होती. २०१३ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील प्रदर्शनात तो मांडला होता. काळाठिक्कर पडलेला हा पाळणा आजच्या कोणत्याही सुताराला दाखवावा. तो क्षणभरात त्याची मापे घेईल आणि कामाला लागेल, इतका तो ओळखीचा आहे.

कारण मुळात हे काम फारसे अवघड नाही. घरच्या पडवीत, रंधा, करवत, पटाशी आणि गिरमिट एवढ्या हत्यारांनिशी ते होऊ शकते. डोक्याकडे एक फळी, पायांकडे एक, दोन बाजू, तळ आणि खाली दोन वक्र पट्ट्या. लाकूड मात्र पुरते वाळलेले हवे. ओले लाकूड पुढे आकसते आणि सांधे खिळखिळे होतात. खिळ्यांऐवजी कुसू खाचेत घट्ट बसवावे, म्हणजे वर्षांनंतर खिळ्याचे डोके बाहेर येऊन बाळाला ओरखडा उठणार नाही. खरे कौशल्य लागते ते वक्र पट्ट्यांना. वर्तुळ लहान घेतले तर पाळणा कलंडण्याची भीती राहते; मोठे घेतले तर ती कमी होते. पट्ट्या पेटीच्या रुंदीपेक्षा बाहेर आलेल्या हव्यात. दोन्ही पट्ट्यांचा बाक तंतोतंत सारखा हवा, नाहीतर पाळणा प्रत्येक झोक्यागणिक जमिनीवरून सरकत जातो. म्हणून कसबी सुतार दोन्ही फळ्या एकत्र बांधून एकदमच कापतो.

आपल्याकडे पाळणा तुळईला टांगतात. विंचूकाट्याच्या मुलखात ते शहाणपणाचेच. युरोपातील पाळणा बहुधा जमिनीवर, चुलाण्याच्या उबेला असे. थंड वारा लागू नये म्हणून त्याला डोक्याशी छप्पर येई. जुन्या पाळण्यांच्या दोन्ही कडांना लाकडी गोंडे दिसतात, ते शोभेसाठी नव्हेत. बाळंत्यात गुंडाळलेले बाळ झोक्याने बाहेर पडू नये म्हणून त्या गोंड्यांना पट्टे अडकवून ते बांधून ठेवीत.

परंतु एवढा खटाटोप कशासाठी? आईच्या कुशीपेक्षा उबदार जागा ती कोणती? याचे उत्तर बायबलमध्ये आहे. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात शलमोनापुढे दोन स्त्रिया एका बाळासाठी भांडत येतात. तलवारीचा प्रसंग सर्वांच्या लक्षात राहतो. भांडण ज्यामुळे निर्माण झाले ते मात्र विसरले जाते. त्यांतील एकीचे बाळ रात्री दगावले होते, कारण ती झोपेत त्याच्या अंगावर आली होती.

हे भय मध्ययुगीन ख्रिस्तसभेने फार गंभीरपणे घेतले. इंग्लंडमधील सॅल्झबरीचे बिशप रिचर्ड पूअर (१२२० साली तेथील कॅथेड्रलची पायाभरणी करणारे) यांच्या काळातील धर्मप्रांतीय नियमांत स्त्रियांसाठी एक सूचना आहे. कोवळ्या मुलांना रात्री आपल्या शेजारी निजवू नये. विस्तव असलेल्या घरात किंवा पाण्याजवळ त्यांना एकटे सोडू नये. आणि हे दर रविवारी त्यांना सांगावे. आम्हांला हा शेवटचा भाग विशेष वाटतो. बिशपांच्या फर्मानात, धर्मसिद्धान्तांच्या शेजारी, कुडाच्या झोपडीत राहणाऱ्या शेतकरणीच्या तान्ह्या बाळाची चौकशी आहे.

आणि विस्तवाची भीती खोटी नव्हती. त्या काळी आकस्मिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांची दप्तरे इंग्लंडमध्ये टिकून आहेत. आईबाप शेतावर वा बाहेर गेलेले, बाळ चुलाण्याजवळच्या पाळण्यात बांधलेले, घरात शिरलेल्या कोंबड्यांनी निखारा उधळला आणि पेंढ्याने पेट घेतला, अशा नोंदी त्यांत आढळतात. अंथरुणातल्या मृत्यूपासून वाचवायला केलेली पेटीच कधीकधी घात करी.

पण याच काळजीची दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बाळ अंथरुणात मृत आढळले की दोष आईबापांवर येई. प्रायश्चित्तांच्या जुन्या ग्रंथांत त्यासाठी उपास आणि तपाची शिक्षा आहे. पोप नववे ग्रेगरी यांनी १२३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धर्मकायद्याच्या संग्रहात तर 'आपली मुले मारणाऱ्यांविषयी' असे प्रकरणच आहे, आणि झोपेत दगावलेल्या अर्भकांच्या आईबापांचा विचार त्यातच केला आहे. कोणी मूल जाणूनबुजून मारले आणि कोणाचे आपोआप गेले, हे ठरवणार कसे? साक्षीदार एकच, आणि ती झोपलेली.

फ्लॉरेन्समध्ये या प्रश्नावर सुताराने उत्तर शोधले. त्याचे नाव आर्कूच्चो, म्हणजे लहान कमान. १७३२ च्या सुमारास ऑलिव्हर सेंट जॉन नावाच्या इंग्रज गृहस्थाने त्याचे चित्र व वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवले. तीन फूट अडीच इंच लांबीचा हा लाकडी सांगाडा बाळावर छपरासारखा येई, आणि तो सरळ अंथरुणातच ठेवीत. बाजूंच्या फळ्यांना खोलगट कापलेले असे, म्हणजे पडल्या पडल्या आईचा वा दाईचा स्तन बाळाच्या तोंडापर्यंत पोहोचावा. टेकायला आडवी दांडी असे. वर पांघरुणे घातली तरी बाळ घुसमटत नसे. बाळाला या सांगाड्यातच निजवण्याचे बंधन शहरातील प्रत्येक दाईवर होते आणि न निजवल्यास शिक्षा होती ती ख्रिस्तसभेतून बहिष्काराची. एका लाकडी वस्तूच्या वापरासाठी एवढी मोठी शिक्षा आम्ही अन्यत्र वाचलेली नाही. पण ती वस्तू पाहावी! ज्याने ती प्रथम केली त्याने दूध पिणाऱ्या बाळाकडे आणि पेंगणाऱ्या बाईकडे किती बारकाईने पाहिले असेल!

एकोणिसाव्या शतकात धर्मगुरूंच्या जागी डॉक्टर आणि पोलीस आले. आरोप तोच राहिला. स्कॉटलंडमधील डंडी शहराचे पोलीस-डॉक्टर चार्ल्स टेम्पलमन यांनी १८९२ मध्ये गुदमरून मेलेल्या २५८ अर्भकांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील पुष्कळ मृत्यू शनिवारी रात्री झालेले आढळले. शनिवार हा पगाराचा, आणि म्हणून दारूचा दिवस. निष्कर्ष उघड होता. १९०८ च्या ब्रिटिश बालक कायद्याने दारूच्या नशेत बाळाला अंथरुणात चिरडणे हा गुन्हा ठरला. एका खोलीत सहा माणसे आणि एकच खाट, हे कारण मात्र कायद्यात बसले नाही.

त्याच सुमारास लंडनच्या लॅम्बेथ या गरीब वस्तीत काम करणाऱ्या बायांनी वेगळा मार्ग धरला. मॉड पेम्बर रीव्ह्ज यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या वस्तीतील घरांचे वर्णन आहे. आठवड्याला एका पौंडात जगणाऱ्या या कुटुंबांना पाळणा विकत घेणे परवडत नसे. तेव्हा केळ्यांची रिकामी लाकडी खोकी आणून घरीच त्याचा पाळणा करीत. केळ्यांच्या बागांत वाढलेल्या आम्हां वसईकरांना केळ्याचा असाही उपयोग होतो हे ठाऊक नव्हते!

आरोपाचे पुढे काय झाले? १९४० नंतर न्यूयॉर्कमध्ये शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना आढळले, की गुदमरली म्हणून नोंदलेली कित्येक बाळे मुळात गुदमरलेलीच नव्हती. पाळण्यात एकटे निजलेले, निरोगी दिसणारे बाळही सकाळी मृत आढळते, हे हळूहळू मान्य झाले. १९६९ मध्ये अमेरिकेतील सिअॅटल येथील परिषदेत या आकस्मिक अर्भकमृत्यूला स्वतंत्र नाव मिळाले. जुन्या काळातील 'चिरडलेल्या' बाळांपैकी पुष्कळशी अशीच गेली असावीत, असे आज अनेक संशोधक मानतात. म्हणजे रविवारी मंदिराच्या दाराशी प्रायश्चित्त म्हणून उभ्या राहिलेल्या, गावाने बोटे दाखवलेल्या त्या आयांपैकी कित्येकींनी काहीच केले नव्हते. त्या स्वतःलाही दोषी मानूनच मेल्या असतील. हा भाग वाचताना आम्हांला पुस्तक काही वेळ मिटून ठेवावे लागले.

कारणे पूर्ण उलगडली नाहीत, पण एक मोठा धोका सापडला, आणि तो चक्क तज्ज्ञांच्या सल्ल्यातून आला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत बाळाला पालथे निजवण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. १९८० नंतरच्या अभ्यासांतून ही सवय घातक ठरली. ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून 'बाळाला उताणे निजवा' अशी मोहीम झाली आणि थोड्याच वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. गादी सपाट व टणक हवी. उशी, गोधडी, मऊ खेळणी आत नकोत. बाळ आईच्या खोलीत असावे, पण स्वतःच्या अंथरुणात. सॅल्झबरीच्या बिशपांना हे वाचून फारसे नवल वाटले नसते.

लाकूडकामालाही याच काळात नियम आले. १९७३ मध्ये अमेरिकेने बाळांच्या खाटांसाठी दोन गजांमधील अंतर ठरवून दिले: जास्तीत जास्त सहा सेंटिमीटर. कारण भयंकर आहे. अंतर जास्त असले तर बाळाचे पाय बाहेर जातात, मागून कंबरही निसटते आणि डोके मात्र गजांत अडकते. खालीवर सरकणाऱ्या बाजूच्या खाटांवर तेथे २०११ मध्ये बंदीच आली. रंगाचेही तसेच. दात येणारे बाळ पाळण्याची कड चावते. रंगातले शिसे मुलांना विषबाधा करते हे ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच सांगितले होते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून.

हे सारे वाचून झाल्यावर आम्ही शिडी लावली आणि माळ्यावरचा पाळणा खाली काढला. आमच्या आजोबांनी तो सागवानाचा केला, घरच्याच पडवीत. आमचे वडील त्यात निजले, त्यांची सहा भावंडे निजली, मग आम्ही. सांधे अजून घट्ट आहेत. त्यावर हिरवा रंग आहे, आणि त्याखाली आणखी एक लाल. टेप लावून गजांमधले अंतर मोजले: साडेतीन इंच, म्हणजे जवळजवळ नऊ सेंटिमीटर. आजोबांनी ते हौसेने राखले असावे. बाळ दुरूनही दिसते. त्या गजांतून आमच्या घरात कोणाला काही झाले नाही, याला काय म्हणावे हे ज्याने त्याने ठरवावे.

डिसेंबरमध्ये धाकट्या मुलीचे बाळंतपण आहे. पाळणा वापरायचा की नाही, यावर घरात दोन तट पडले. शेवटी गल्लीतल्या सुताराला बोलावले. जुना रंग त्याने अंगणात, पाणी मारत मारत खरवडून काढला, धूळ उडू दिली नाही. प्रत्येक दोन गजांमध्ये एकेक नवा गज बसवायला सांगितले तेव्हा मात्र तो कुरकुरला, म्हणाला, "पिंजरा दिसेल हो, काका." आम्ही त्याला आर्कूच्चोचे चित्र दाखवले. त्याने ते बराच वेळ पाहिले, बाजूच्या फळीतली खोलगट जागा कशासाठी ते विचारले, आणि उत्तर ऐकून काही न बोलता गजांसाठी लाकूड निवडायला लागला. आता अंतर सव्वा इंच आहे. बाळ हातांवर जोर देऊन उठू लागले, की पाळणा पुन्हा माळ्यावर जाईल. नवे गज जुन्या सागाशेजारी फिके दिसतात. त्यांना रंग लावलेला नाही.