‘कल्याण’ नांवाचें विकर

कल्याण म्हटलें म्हणजे इतिहासप्रिय वाचकांस एक प्राचीन बंदर आठवतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत त्याचा उल्लेख आहे. १६५७ सालीं शिवाजीमहाराजांनीं तें आदिलशाहीकडून घेतलें. आणि आगगाडी आल्यावर पुण्याची व नाशिकची वाट जेथें फुटते तें ठिकाण म्हणून तें घरोघर माहीत झालें. परंतु ह्याच गांवाचें नांव जगाच्या वैद्यकीय वाङ्मयांत अगदीं निराळ्या कारणानें नोंदलें गेलें आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. १९८४ सालीं दोघां संशोधकांनीं एका कोळी कुटुंबाच्या रक्तांत आढळलेल्या एका विकराचें, म्हणजे एन्झाइमाचें, वर्णन प्रसिद्ध केलें व त्यास ‘जी-६-पी-डी कल्याण’ असें नांव दिलें. ह्या नांवामागें जो इतिहास आहे तो आम्ही येथें सांगणार आहों. कारण त्यांतून निघणारा बोध केवळ शास्त्रज्ञांच्या उपयोगाचा नाहीं, घरांत हिवतापाचा रोगी असलेल्या प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे.

हें विकर सर्वांच्याच शरीरांत असतें. ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज हें त्याचें पूर्ण नांव. प्राणवायूच्या व कांहीं औषधांच्या जहाल क्रियेनें तांबड्या रक्तपेशी आंतून करपूं नयेत, म्हणून जी सामग्री लागते ती तें पुरवितें. तें अपुरें असलें तरी माणूस बहुधा धडधाकट दिसतो. परंतु एखादें विशिष्ट औषध पोटांत गेलें, बाकल्याच्या शेंगा खाण्यांत आल्या किंवा जंतुसंसर्ग झाला, कीं पेशी भराभर फुटतात, लघवी काळसर होते, कावीळ दिसूं लागते आणि क्वचित् प्राणावर बेततें.

हिवतापावर १९२६ च्या सुमारास निघालेल्या प्लाझ्मोक्विन नामक जर्मन औषधानें कांहीं रोग्यांचें रक्त असें फुटतें, हें वैद्यांस तेव्हांच दिसलें होतें. कारण मात्र उमगत नव्हतें. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच कुळांतील प्रायमाक्विन प्रचारांत आलें. अमेरिकेंत इलिनॉय संस्थानच्या तुरुंगांत कैद्यांवर त्याचे प्रयोग झाले. त्या प्रयोगांच्या नीतीविषयीं पुढें पुष्कळ वाद झाला, आणि तो होणें योग्यच होतें. त्याच संशोधनाच्या ओघांत १९५६ सालीं कार्सन, अल्विंग प्रभृतींनीं दाखविलें कीं, दोष एकट्या औषधाचा नाहीं. ज्यांचें रक्त फुटतें त्यांच्या पेशींत जी-६-पी-डी हें विकर मुळांतच थोडें असतें.

आतां विकर तर डोळ्यांस दिसत नाहीं. मग त्याची जात ओळखावी कशी? स्वीडनच्या टिझेलियस ह्यानें १९३७ सालीं विजेच्या प्रवाहांत प्रथिनें वेगळीं करण्याची रीत सुधारून दाखविली व तिजबद्दल त्यास १९४८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हीच इलेक्ट्रोफोरेसिसची रीत. प्रत्येक प्रथिनावर कमीअधिक विद्युद्भार असतो. प्रवाह सुरू झाला कीं जो तो आपल्या भाराप्रमाणें वेगानें सरकतो. परंतु टिझेलियसचें यंत्र अवाढव्य व खर्चिक होतें. १९५५ सालीं कॅनडांत काम करणाऱ्या ऑलिव्हर स्मिथीज ह्यानें त्यावर साधा तोडगा काढला. आपली आई वडिलांच्या सदऱ्यांना खळ घालीत असे व ती थंड झाली म्हणजे घट्ट होई, ही लहानपणची गोष्ट त्यास आठवली. त्यानें बटाट्याच्या खळीची जाड वडी थापली आणि तींतून प्रथिनें पळविलीं. हेंच जेल. दोन वर्षांनीं हंटर व मार्कर्ट ह्यांनीं अशी युक्ति काढली कीं, विकराचें खाद्य व रंगद्रव्य ह्या वडीवर ओतावें, म्हणजे जेथें विकर असेल तेवढ्याच जागीं रंगीत पट्टा उमटावा. जी-६-पी-डीचा पट्टा निळा-जांभळा उमटतो. पट्ट्याची जागा विकराची जात सांगते. त्याचा गडदपणा प्रमाण सुचवितो.

मुंबईंत ह्या कामाची भूमि आधींच नांगरलेली होती. १९५० च्या सुमारास डॉ. वसंत रामजी खानोलकर व डॉ. संघवी ह्यांनीं मुंबईंतील सहा ज्ञातींत सात आनुवंशिक लक्षणांची तुलना प्रसिद्ध केली होती. पुढें १९६३ सालीं बक्षी, बालकृष्णन्, उंदेविया व संघवी ह्यांनीं मुंबईच्या पारशी समाजांत जी-६-पी-डीची उणीव असल्याचें नोंदविलें. हिंदुस्थानांतील ह्या विषयाचा प्रारंभ येथून मानतात.

इकडे परदेशांत एक कोडें शास्त्रज्ञांस छळीत होतें. ह्या विकराचें जनुक एक्स गुणसूत्रावर असतें. स्त्रीच्या पेशींत तशीं दोन गुणसूत्रें असतात, पुरुषाच्या पेशींत एकच. मग स्त्रीच्या रक्तांत विकर दुप्पट असावयास पाहिजे. पण तें तसें नसतें. दोघांत प्रमाण जवळजवळ सारखेंच. १९६२ सालीं ग्रुंबाक व त्याचे सहकारी ह्यांनीं, ज्यांच्या पेशींत जन्मतःच अधिक एक्स गुणसूत्रें आहेत अशा व्यक्ति तपासल्या. त्यांच्यांतहि विकर वाढलेलें नव्हतें. जनुकें वाढलीं, माल वाढला नाहीं, हें कसें?

पुण्याच्या वाचकांस ह्याचें उत्तर खडकवासल्याच्या धरणावरून चटकन् समजेल. १८७० नंतरच्या दशकांत बांधलेलें, १९६१ सालीं पानशेतच्या लोंढ्यानें फुटलेलें व पुन्हां उभें केलेलें हें धरण आपल्या रोजच्या पाण्याचें आहे. कालव्यांत पाणी किती येणार, हें भिंतीला दरवाजे किती आहेत ह्यावर ठरत नाहीं. त्यांपैकीं उघडे किती, ह्यावर ठरतें. पेशींतहि असाच एक पाटकरी बसलेला आहे. १९६१ सालीं इंग्लंडांत मेरी लायन ह्या विदुषीनें असा सिद्धान्त मांडला कीं, स्त्रीगर्भाच्या अगदीं आरंभींच प्रत्येक पेशी आपल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकीं एक बंद करून टाकते. कोणतें बंद करावयाचें हें त्या त्या पेशीपुरतें दैवावर असतें. आणि एकदां ठरलें म्हणजे तिच्या पुढील सर्व संततींत तें तसेंच राहतें.

ह्या सिद्धान्ताची परीक्षा जेलवरच झाली. विकराच्या ‘ए’ व ‘बी’ अशा दोन जाती खळीच्या वडींत निरनिराळ्या वेगानें धांवतात. १९६३ सालीं डेव्हिडसन, निटोव्स्की व चाइल्ड्स ह्यांनीं, जिच्याकडे दोन्ही जातींचीं जनुकें आहेत अशा स्त्रीच्या त्वचेंतील एकेक पेशी घेऊन तिची स्वतंत्र वाढ केली. सबंध त्वचेच्या वाढीचा रस धांवविला तर दोन पट्टे उमटत. एका पेशीच्या संततीचा धांवविला तर एकच, कधीं ‘ए’चा, कधीं ‘बी’चा. म्हणजे एकाच देहांत दोन प्रकारच्या पेशींच्या वसाहती शेजारीं शेजारीं नांदत होत्या.

जनुकांची संख्या नेहमींच निरर्थक असते असें मात्र कोणीं समजूं नये. कीटकनाशकांस दाद न देणाऱ्या कॅलिफोर्नियांतील क्यूलेक्स डांसांत एस्टरेज ह्या विकराचा पट्टा जेलवर अत्यंत गडद उमटे. १९८६ सालीं असें सिद्ध झालें कीं, त्या डांसांत त्या जनुकाच्या प्रतीच कितीतरी पटींनीं वाढल्या होत्या. तेथें दरवाजे वाढले व ते उघडेहि राहिले. तात्पर्य, गडद पट्टा पाहून जनुकें मोजूं नयेत, आणि जनुकें मोजून विकराचें माप सांगूं नये. दोन्ही स्वतंत्रपणें पाहावीं.

आतां पुन्हां कल्याणकडे वळूं. त्या कुटुंबांत ज्या पुरुषांत उणीव होती त्यांच्याजवळहि जनुक एकच होतें, निरोगी पुरुषाइतकेंच. फरक संख्येंत नव्हता, घडणींत होता. अशा जाती निश्चित करण्यासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें १९६७ सालीं कसोट्या घालून दिल्या होत्या: जेलवरील वेग, उष्णतेंत टिकण्याची शक्ति, इत्यादि. त्या लावून जगभर शेंकडों जाती नोंदल्या गेल्या. ‘केरळ’ ही एक, ‘कल्याण’ ही दुसरी. पुढें जनुकाचीं अक्षरेंच वाचतां येऊं लागलीं, आणि १९९२ सालीं असें उघडकीस आलें कीं, केरळ व कल्याण ह्या दोन जाती नव्हतच. दोहोंत ३१७ व्या जागीं ग्लुटामिक आम्लाऐवजीं लायसिन आलेलें आहे. म्हणजे ऋण भार जाऊन तेथें धन भार बसला आहे, आणि अशा बदलानें विकराची धनाग्राकडील धांव मंदावते. नांवें दोन, गांवें दोन, चूक एकाच अक्षराची. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत ‘केरळ-कल्याण’ ही आपल्या देशांतील प्रमुख तीन जातींपैकीं एक ठरली. दुसऱ्या दोन ‘भूमध्यसागरी’ व ‘ओरिसा’. एका कोळी घरांत जी प्रथम दिसली, ती त्या ज्ञातीची मिरास नव्हती. जो रक्त तपासतो त्याला जें घर प्रथम भेटतें, त्या घराचें नांव जातीस चिकटतें, इतकेंच.

ह्या सर्वांचा रोग्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. व्हायव्हॅक्स हिवतापाचे जंतु यकृतांत दडून बसतात व महिन्यांनीं पुन्हां ताप आणतात. त्यांस मारण्यासाठीं आपल्याकडे प्रायमाक्विन चौदा दिवस देतात. उणीव असलेल्या पुरुषाची ओळख बहुधा सरळ पटते. स्त्रीची गोष्ट निराळी. तिचें एक जनुक चांगलें व एक दुबळें असलें, तर तिच्या कांहीं पेशी भरपूर विकराच्या व कांहीं जवळजवळ कोरड्या असतात. धरणाखालच्या निम्म्या शेतांस पूर्ण पाणी व निम्म्यांस थेंबहि नाहीं, तरी दप्तरांत सरासरी ‘अर्धें पाणी’ अशीच पडेल. तसेंच हें आहे. साध्या तपासणींत अशी स्त्री निर्दोष ठरूं शकते, आणि औषध घेतल्यावर तिच्या कोरड्या पेशी फुटूं लागतात. दुसरा धोका असा कीं, रक्त फुटून गेल्यावर मागें उरतात त्या तरुण पेशी. त्यांत विकर अधिक असतें, म्हणून त्या वेळची तपासणी खोटा धीर देते. २०१८ सालीं अमेरिकेंत संमत झालेलें टॅफेनोक्विन एकाच मात्रेंत काम करतें. परंतु एकदां पोटांत गेलेली मात्रा परत घेतां येत नाहीं, म्हणून तें देण्यापूर्वीं विकराचें प्रमाण आंकड्यांत मोजण्याचा दंडक आहे. ‘आहे’ किंवा ‘नाहीं’ एवढें उत्तर तेथें पुरत नाहीं.

खळीच्या वडीवर उमटलेल्या एका निळ्या पट्ट्यापासून निघालेला हा विचार येथवर आला आहे. जात, संख्या आणि प्रमाण हे तीन प्रश्न निराळे, व एकाचें उत्तर दुसऱ्यास लावतां येत नाहीं, हें त्यानें शिकविलें. घरांत कोणास हिवताप आल्यास, आणि पूर्वीं कोणत्याहि औषधानें लघवी काळी झाल्याचें किंवा तान्ह्या मुलाची कावीळ फार वाढल्याचें घरांतील वडील मंडळींस आठवत असल्यास, तें डॉक्टरांस न विचारतां सांगावें. आणि रोगी स्त्री असेल तर विकराचें माप काढलें आहे काय, हें अवश्य विचारावें. एवढें झालें तरी कल्याणच्या त्या अनाम कुटुंबानें दिलेलें रक्त सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.