माहेर न विसरणाऱ्या पेशी

आमच्या मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत राबणाऱ्या माणसाची कंबर धरली, की घरचे म्हणतात, 'ओझं उचललं असेल, शेक घ्या.' बहुधा तेच खरे असते. पण क्वचित, अगदी क्वचित, कमरेच्या दुखण्याचे मूळ गळ्यात निघते! हे वैद्यांना कसे उमगले, ते पाहू या.

गळ्याच्या पुढल्या बाजूस थायरॉइड ही लहानशी ग्रंथी असते. अन्नातले आयोडीन घेऊन शरीराला लागणारा रस ती तयार करते. ती वाढली की आपण गलगंड म्हणतो. १८७६ साली जर्मनीच्या कोनहाइम यांनी एका रोगिणीची हकीकत प्रसिद्ध केली. गलगंड साधाच दिसत होता, पण त्याच जातीच्या गाठी फुप्फुसांत आणि हाडांतही निघाल्या.

१८९४ मध्ये शस्त्रवैद्य आयसेल्सबर्ग यांनी त्याहून नवल सांगितले. थायरॉइड काढलेली एक रोगीण त्या रसावाचून सुस्तावली होती. छातीच्या हाडात कर्करोगाची गाठ वाढली, तशी तिची लक्षणे ओसरली. गाठ कापली, तर ती परतली! म्हणजे लेक सासरी गेली तरी माहेरचे वळण तिने सोडले नव्हते.

याच वळणाचा पुढे उपयोग झाला. १९३८ साली किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ सापडले. १९४३ मध्ये न्यूयॉर्कला डॉ. सायडलिन यांनी एका रोग्याला किरणोत्सर्गी आयोडीन दिले. त्याची ग्रंथी १९२३ सालीच काढलेली होती. तरी दूरदूरच्या गाठींनी ते आयोडीन ओढून घेतले आणि किरण मोजणाऱ्या यंत्राने त्यांचा पत्ता दिला.

आपल्याकडे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पारखण्याची शिस्त घालून दिली. १९६३ साली परळलाच अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले आणि आयोडीनची परीक्षाही हाताशी आली.

मात्र थायरॉइड कर्करोगाच्या सगळ्याच जाती आयोडीन ओढत नाहीत, बरं का. तिथे तुकडाच बोलतो. म्हणून वाचकहो, हाडाचे दुखणे हटत नसेल, तर नुसते शेकत बसू नका. आणि गळ्याची शस्त्रक्रिया वीस वर्षांपूर्वीची असली, तरी ती डॉक्टरांना आवर्जून सांगा. आपण विसरतो, पेशी विसरत नाहीत.